पोर हसायला लागलं, आता सुई थांबवू का?

पत्र

मावशी, माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. जन्मला त्याच दिवशी त्याच्या अंगावर लाल चट्टे होते. सगळे म्हणाले, पुरळ आहे, जाईल. मग पित्ताचं औषध झालं, ॲलर्जीचं झालं, तीन वेळा ॲडमिट करून ॲन्टिबायोटिक झाली. ताप येत-जात राहिला, रक्ताच्या रिपोर्टात सूज कायम. शेवटी मुंबईला नेलं. पाठीतलं पाणी तपासलं, जनुकाची तपासणी झाली आणि ‘नोमिड’ हे नाव कळलं. दीड महिन्यापासून रोज ॲनाकिन्राचं इंजेक्शन सुरू आहे. दोन दिवसांत चट्टे गेले, आठवड्यात ताप गेला. आता तो पालथा पडतो, खळखळून हसतो. आणि तिथूनच घरात वाद सुरू झाला. सासूबाई म्हणतात, लेकरू बरं झालं, आता रोज टोचून का रडवता? निदान एक दिवसाआड तरी द्या. जाऊबाईंनी प्रतिकारशक्तीचा काढा आणून ठेवलाय. “तुझ्या माहेराकडून आलं असेल,” असंही एकदा बोलून झालं. सुई हे देतात, मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडते. गरोदरपणात माझ्याकडून खाण्यात काही चुकलं का? सुई थांबवू का?

— सातारा जिल्ह्यातली एक आई

उत्तर

तू मावशी म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. सुई थांबवायची नाही. एक दिवसाआडही करायची नाही. डोस कमी-जास्त करायचाच झाला, तर तो मुंबईचे डॉक्टर रिपोर्ट बघून करतील. घरातल्या कुणीही तो ठरवायचा नाही.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांना जे दिसतंय ते खोटं नाही. बाळ खरंच छान दिसतंय. जन्मापासून लाल, तापलेलं, किरकिरं पोर ज्यांनी मांडीवर घेऊन रात्री काढल्या, त्यांना आज ते हसताना बघून ‘आता पुरे’ वाटणं अगदी साहजिक आहे. अडचण एवढीच, की या आजाराचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो सगळ्यात कमी धोक्याचा. चट्ट्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आत, कानाच्या शंखात, डोळ्यामागच्या नसेत, मेंदूभोवतीच्या आवरणात. तिथली सूज रडत नाही, लाल होत नाही. ती गुपचूप काम करते, आणि कळतं तेव्हा ऐकू येणं गेलेलं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८०च्या दशकात मी बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टर होते. दोन-अडीच वर्षांची एक मुलगी आमच्याकडे पुन्हा पुन्हा भरती व्हायची. अंगावर पित्तासारखे चट्टे, ताप, गुडघे सुजून गोल झालेले, कपाळ पुढे आलेलं. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या, पण जंतू कधीच सापडले नाहीत. आम्ही मेंदुज्वराची औषधं दिली, क्षयाची दिली, शेवटी स्टेरॉइड दिलं. स्टेरॉइडने ताप उतरायचा, पोर चार दिवस खेळायचं, कमी केलं की पुन्हा तेच. एके दिवशी मी तिच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली आणि ती वळली नाही. तिची आई माझ्याकडे बघत होती. पुढे त्यांनी येणंच बंद केलं. त्या मुलीला काय होतं, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण नोमिडची वर्णनं वाचते तेव्हा मला तीच दिसते. तुझ्या बाळाला सात महिन्यांत नाव मिळालं आणि नावाबरोबर औषध मिळालं. त्या आईला दोन्ही मिळालं नाही.

आता हा आजार काय आहे ते सांगते. सासूबाईंनाही वाचून दाखव.

पूर्वी गावात रात्री जागल्या फिरायचा. चोर दिसला की हाळी द्यायची, म्हणजे गाव काठ्या घेऊन बाहेर पडेल, हे त्याचं काम. आपल्या पांढऱ्या पेशींतही असा एक जागल्या आहे. एनएलआरपी३ नावाचं हे प्रथिन. जंतू किंवा इजा दिसली की ते जागं होतं आणि त्याच्या हाळीवर पेशी इंटरल्यूकिन-१ नावाचा पदार्थ बाहेर सोडते. हा पदार्थ अंगभर निरोप पोचवतो, ताप आणा, सूज आणा, पेशींना बोलवा. चोर पकडला की सगळं शांत. तुझ्या बाळाच्या या जागल्यात जन्मतःच खोट आहे. चोर नसतानाही तो अहोरात्र ओरडतो. गाव रोज काठ्या घेऊन बाहेर पडतं आणि समोर कुणी नसल्यामुळे आपल्याच भिंतींवर घाव घालत बसतं. म्हणून ॲन्टिबायोटिकने काही झालं नाही, मारायला जंतूच नव्हता. ॲलर्जीच्या औषधानेही काही झालं नाही, कारण हे चट्टे पित्तासारखे दिसत असले तरी पित्ताचे नाहीत.

ॲनाकिन्रा काय करतं? तू एसटीने प्रवास केला असशील. गर्दीच्या गाडीत चढता येत नसेल तर आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमाल काही करत नाही, नुसता पडून असतो, पण त्या सीटवर दुसऱ्याला बसता येत नाही. इंटरल्यूकिन-१ला आपला निरोप द्यायचा तर पेशीवरच्या एका ठरलेल्या सीटवर बसावं लागतं. ॲनाकिन्रा त्या सीटवर रुमाल टाकतं. जागल्या ओरडत राहतो, पण निरोप पोचत नाही आणि गाव झोपून राहतं. असे रुमाल आपलं शरीर स्वतःही बनवतं बरं का. ॲनाकिन्रा ही त्याच नैसर्गिक प्रथिनाची प्रयोगशाळेत बनवलेली जवळपास हुबेहूब प्रत आहे. तेव्हा “अंगात परकं विष घालताय” असं कुणी म्हणालं, तर हे सांग.

आणि आता ‘एक दिवसाआड’चं. हा रुमाल फार वेळ टिकत नाही. टोचल्यावर चार ते सहा तासांत रक्तातलं औषध अर्ध्यावर येतं, आणखी तेवढ्या वेळात त्याच्याही अर्ध्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत बहुतेक सीटा मोकळ्या झालेल्या असतात. जागल्या तर थकलेला नाही, त्याची खोट जनुकात आहे आणि औषधाने जनुक बदलत नाही. म्हणजे सुई चुकवलेला प्रत्येक दिवस हा आत सूज येण्याचा दिवस, वरून दिसो किंवा न दिसो.

हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये राफाएला गोल्डबाख-मान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोमिडच्या १८ रुग्णांना ॲनाकिन्रा दिलं, त्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराच्या अठरा जणांना गुण आला, चट्टे झपाट्याने गेले. मग त्यातल्या काहींचं औषध डॉक्टरांच्या नजरेखाली मुद्दाम थांबवून पाहिलं. काही दिवसांतच आजार उलटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा शमला. तुझ्या घरात जो प्रयोग करा म्हणतात, तो त्या मुलांनी आधीच केला आहे. तुझ्या बाळाने तो परत करायची काही गरज नाही.

या आजाराचं वर्णन पॅरिसच्या ॲन-मारी प्रियर यांनी १९८१ मध्ये केलं. त्यानंतर वीस वर्षं डॉक्टरांच्या हातात स्टेरॉइडपलीकडे फारसं काही नव्हतं, आणि पाचातलं एक मूल मोठं होण्याआधीच जायचं. २००१ मध्ये या जागल्याचं, म्हणजे एनएलआरपी३चं, खोट असलेलं जनुक सापडलं, ते याच घराण्यातल्या सौम्य आजारांच्या कुटुंबांत. पुढच्याच वर्षी नोमिडच्या मुलांतही त्याच जनुकात बदल असल्याचं दिसलं. योगायोग बघ, ॲनाकिन्रा तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं, मोठ्या माणसांच्या संधिवातासाठी. नेमकी खोट कुठे आहे ते कळलं आणि नेमक्या त्याच वाटेवर बसणारं औषध तयार होतं. २०१२च्या अखेरीस अमेरिकेत नोमिडसाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. इतक्या दुर्मिळ आजारात असं क्वचितच जुळून येतं. हा आजार आणि याच जनुकाचे बाकीचे सगळे मिळूनही दहा लाखांत एक-दोन माणसांना होतात. तुझ्या तालुक्यात कुणी हे नाव ऐकलेलं नसणार, त्याचा दोष कुणाला देऊ नकोस.

आता तुझ्या मनातल्या टोचणीकडे येते, कारण ती मला सुईपेक्षा जास्त दुखरी वाटली. तू काहीही चुकीचं खाल्लं नाहीस. पपई, अननस, वांगं, ग्रहण, यातल्या कशानेही हे होत नाही. बाळ घडताना आईबापाच्या वहीतला मजकूर नव्या वहीत उतरवला जातो. लाखो पानं. उतरवताना एका ठिकाणी काना जास्त पडला आणि ‘कळ’चं ‘काळ’ झालं, इतकीच ही चूक. नोमिडमध्ये ती बहुतेक वेळा बाळातच पहिल्यांदा घडते. आईकडे नसते, बापाकडे नसते, माहेरी नसते, सासरीही नसते. तुम्हा दोघांची तपासणी झाली असेल तर तो कागद घरात सगळ्यांसमोर वाच. झाली नसेल तर करून घ्या. ती कुणाचा गुन्हा शोधायला करायची नाही. पुढच्या बाळाचा विचार करताना ती लागेल. तुम्हा दोघांत बदल नसेल तर दुसऱ्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता खूपच कमी, पण अगदी शून्य म्हणता येत नाही, कारण क्वचित हा बदल फक्त बीजपेशींत लपलेला असतो. जनुक सल्लागार याबद्दल नीट सांगतील. हा मुलगा स्वतः बाप व्हायला निघेल तेव्हा मात्र त्याच्या प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असेल. तो प्रश्न पंचवीस-तीस वर्षांनी. तोवर वैद्यक कुठल्या कुठे गेलेलं असेल.

काढा सरळ बाजूला ठेव. जाऊबाईंचा हेतू चांगला आहे हे मला मान्य, पण ज्या बाळाची प्रतिकारशक्तीच नको तिथे उसळलीय, तिला आणखी चेतवून काय मिळवायचं? त्यात गुळवेल असेल तर आणखी सांगते, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या मोठ्या माणसांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आणि काढ्यात मध घालून देणार असतील तर एक वर्षाच्या आतल्या कुठल्याही बाळाला मध द्यायचा नसतो, आजारी असो वा धडधाकट.

टोचताना तू दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस, उलट बाळाला पदराखाली घे. अंगावर पिता पिता टोचलं तर बाळांना दुखणं खरंच कमी होतं, हे नीट तपासलेलं आहे. सिरिंज अर्धा तास आधी फ्रीजमधून बाहेर काढा, गार औषध जास्त झोंबतं. ती गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून तापवायची नाही, हलवायची नाही. टोचून झाल्यावर त्या जागी गार ओलं फडकं. रोज जागा बदला, आज डावी मांडी, उद्या उजवी. टोचल्या जागी रुपयाएवढा लाल वण उठत असेल, तर तो आजार परतल्याचा नाही, औषधाचा आहे, आणि सहसा पहिल्या चार-सहा आठवड्यांनंतर कमी होतो. सासूबाईंना कदाचित तोच बघून वाटत असेल की सुईने अपाय होतोय. सिरिंजमध्ये उरलेलं औषध दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवायचं नाही. महाग आहे, जीव तुटतो, कळतं मला. पण त्यात ते टिकवणारं काही घातलेलं नसतं.

फ्रीजचं दोन ते आठ अंश हे पक्कं लक्षात ठेव. औषध गोठलं की फुकट गेलं, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नकोस. तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा लस नेतात तसला छोटा डबा घेऊन ठेव आणि बर्फाच्या पिशवीभोवती कापड गुंडाळूनच औषध त्यात ठेव. यात्रेला, लग्नाला गेलात तरी तो डबा बरोबर.

लशींचं मात्र विसरू नकोस. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना “डॉक्टरांना विचारून सांगते” म्हण. तोंडातून देतात ते पोलिओचे थेंब जिवंत लशीचे असतात, आणि नऊ महिन्यांनी येणारी गोवर-रुबेलाची लसही तशीच. हे औषध सुरू असताना जिवंत लशी सहसा टाळतात. बाकीच्या मात्र वेळेवर घ्यायच्या. मुंबईच्या डॉक्टरांकडून कोणती द्यायची, कोणती नाही, हे कागदावर लिहून घे आणि तो कागद लसीकरणाच्या कार्डाला स्टेपल कर. नुसतं तोंडी सांगितलेलं उपकेंद्रात कुणी ऐकत नाही.

ताप आला तर घरी वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी फोन कर. हे औषध सूज दाबतं, त्यामुळे खरा संसर्ग झाला तर त्याची लक्षणंही दबून दिसू शकतात. आणि तापात आपल्या मनाने सुईही थांबवू नकोस. अचानक थांबवली की आजार उसळतो, म्हणून ते पारडं डॉक्टरांनीच तोलायचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सूज दाखवणारं सीआरपी, लघवीतलं प्रथिन हे सांगतील तेव्हा तेव्हा तपासायचंच. बाळाचं वजन वाढेल तसा डोसही वाढेल, मेंदूची सूज असेल तर आणखी वाढू शकतो. डोस वाढला म्हणजे आजार वाढला असं घरात कुणी समजू नये.

एक ओळ तू लिहिली नाहीस, पण मला ती ‘एक दिवसाआड’मध्ये ऐकू आली. पैशाची. निम्म्या सुया म्हणजे निम्मा खर्च. सासूबाई कदाचित मुलाच्या तोंडाकडे बघून तसं म्हणत असतील. असं असेल तर ते उघड बोला, काढ्याच्या आडून नको. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांसाठी २०२१ चं धोरण आहे. त्याच्या यादीतल्या आजारांना ठरवलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. तुमचा आजार आज त्या यादीत बसतो का, हे तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना जाऊन विचारा. यादीतल्या आजारांसाठी स्वतःपुरतं मागवलेल्या औषधांवरचं सीमाशुल्कही २०२३ मध्ये माफ झालं आहे. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करून बघा. मोठ्या तपासण्यांसाठी धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा आणि सवलत असते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच काढून ठेवा. औषध परदेशातून स्वतःच्या नावाने मागवत असाल तर त्याला १२-ए नमुन्यातला अर्ज आणि केंद्रीय औषध नियंत्रण कार्यालयाचा परवाना लागतो. कागद, कुरिअर, कस्टम, या सगळ्यात दिवस जातात. शेवटचा खोका उघडेपर्यंत थांबू नका, निम्मा साठा संपला की पुढचा अर्ज करा.

आयुष्यभर रोज सुई का, याचीही तुला धास्ती असेल. याच वाटेवरचं कॅनाकिनुमॅब नावाचं दुसरं औषध आहे, ते साधारण आठ आठवड्यांतून एकदा द्यावं लागतं. युरोपात त्याला दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता आहे. मेंदूला सूज असलेल्या बाळांत अनेक तज्ज्ञ ॲनाकिन्राच पसंत करतात, कारण ते मेंदूपर्यंत जास्त पोचतं. बाळ मोठं झाल्यावर हा विषय डॉक्टरांकडे काढ. आज नको.

शेवटी सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना कामाला लाव. पुढच्या तपासणीला मुंबईला त्यांना बरोबर ने. बाळाची बेरा तपासणी होईल तेव्हा, झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून कानात आवाज सोडतात तेव्हा, त्यांना शेजारी बसू दे. स्क्रीनवर उमटणाऱ्या लाटा म्हणजे बाळाचं ऐकणं, हे तंत्रज्ञाला त्यांना दाखवायला सांग. त्या लाटा टिकवायला ही सुई आहे, हे त्यांना मी इथून सांगून पटणार नाही, तिथे बसून पटेल. आणि घरी सुईच्या वेळी बाळाचे पाय धरायचं काम त्यांच्याकडे दे. अनुभवी हात आहेत, बाळ शांत राहील.

तपासणीला कधी जाताय? बेराचा रिपोर्ट आला की मला चार ओळी लिही.